पडद्याआडचा बाक

मी एक बाक बोलतोय. शाळेतला नव्हे, राजारामपुरीतल्या एका क्लासमधला. तुमचं मूल शाळेतून सुटल्यावर ज्याच्यावर येऊन बसतं, तो मी.

माझा जन्म उद्यमनगरातला. लोखंडी पाइप, वर प्लायवुड आणि त्यावर गुळगुळीत सनमायका. मला जोडणारे पिराजी मिस्त्री वेल्डिंग करताना शेजारच्याला म्हणाले होते, "आसा बाक करतो बघ, पोरगं उठायचं नावच घेणार न्हाय." तेव्हा मला हे कौतुक वाटलं होतं.

क्लासचे मालक अभिनंदन सर. गणित शिकवायचे. माणूस मऊ, पोरांवर हात उगारला नाही कधी. संध्याकाळी नववी-दहावीची मुलं यायची आणि अंधार पडेपर्यंत बसायची. पण मध्ये एक सुट्टी असायची. सर पुस्तक मिटायचे आणि मुलं धडाधडा जिना उतरून गल्लीत पळायची. तेवढा वेळ मी रिकामा असायचो. खालून त्यांचा ओरडा ऐकू यायचा. मला तो फार आवडायचा.

गेल्या वर्षी माझ्यावर वर्षाराणी बसायला लागली. चौदा वर्षांची, राधानगरीकडची. वडील आकाराम यांच्या चार म्हशी, थोडा ऊस. पोरगी हुशार म्हणून त्यांनी तिला इथं मावशीकडे ठेवलं होतं. आमच्याकडच्या पोरींसारखी तीही "मी आलो, मी गेलो" असंच बोलायची. गावात ती खो-खो खेळायची. माझ्यावरसुद्धा ती तशीच बसे. पुढच्या कडेवर, टाचा उचललेल्या, कुणीतरी पाठीवर थाप मारेल आणि आपण सुटू, अशी. शेजारची मोना तिला चिडवायची, "ए राधानगरी, जरा मागं सरकून बस की. पेपरला काय पळत जायाचं हाय?"

मग तो नियम आला. सोळा वर्षांखालच्या मुलांना खाजगी क्लासमध्ये घ्यायचं नाही. सरांनी पेपरातली बातमी दोनदा वाचली आणि चष्मा काढून बसून राहिले.

मला मात्र आनंद झाला. बाकाला असा आनंद होणं चमत्कारिक आहे, कारण त्याचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या बसण्यावर. पण माझ्यावर बसून बसून पोरांच्या पाठी कशा वाकतात, पाय कसे बधिर होतात, हे माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलंय? वाटलं, कुणीतरी मोठ्या माणसानं अखेर यांच्या संध्याकाळींचा विचार केला.

सरांनीही नववी-दहावीचा वर्ग बंद करायचं ठरवलं होतं. तसं सांगायला त्यांनी पालकांना बोलावलं. एकाही पालकाला बरं वाटलं नाही. सगळे म्हणत होते, दुसरे क्लास चालूच राहणार, मग आमचीच पोरं मागं का ठेवता? आकाराम तर पहाटेचं दूध घालून तसेच एसटीनं आले होते. ते हात जोडून म्हणाले, "सर, कायदा आमाला काय कळत न्हाय. पोरीला तेवढं माघारी धाडू नका. तिच्या आईनं जल्मभर श्याण काढलं. हिच्या हाताला त्यो वास लागू ने, एवढंच बघा."

पुढच्या आठवड्यात सरांनी वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला आणि आम्हा बाकांना वर हलवलं. खालच्या पाटीवर फक्त अकरावी-बारावी राहिली. वरच्या खिडक्यांना जाड पडदे लागले.

आणि सुट्टी बंद झाली.

कारण सोपं होतं. लहान मुलं गल्लीत पळताना दिसली तर कुणीतरी तक्रार करणार. म्हणून डबा बाकावरच, पाणी बाकावरच, मोठ्यानं हसायचं नाही. जो नियम मुलांना उठवायला आला, असं मी समजत होतो, त्याच्या भीतीनं ती आधीपेक्षा जास्त बसू लागली. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मला तोंड नाही.

एका संध्याकाळी तपासणीचे साहेब खाली आले. सर धापा टाकत वर आले आणि मुलांना मागच्या जिन्यानं मोकळ्या प्लॉटवर पिटाळलं. पडदा वाऱ्यानं हलला होता, म्हणून मला दिसलं. आधी सगळी भिंतीला टेकून गप्प उभी होती. मग वर्षाराणीनं चपलेनं मातीत रेघ मारली. पोरांना एकाआड एक तोंडं फिरवून ओळीत बसवलं. आणि ती सुटली. मी तिला त्याआधी कधी असं पळताना पाहिलंच नव्हतं. वेणी मागं आडवी झाली होती. मोना दोनदा पडली आणि बसल्या जागी हसत सुटली.

खाली साहेबांनी मोठी मुलं पाहिली, चहा घेतला, सही केली. वर आलेच नाहीत. सरांनी हाक मारली आणि मुलं घामानं भिजून परत माझ्यावर येऊन बसली.

वर्षाराणी मात्र उभीच राहिली. म्हणाली, "सर, ऐतवारी जिल्ह्याची निवड हाय, खो-खोची. शाळेनं नाव दिलंय. जाऊ का?"

रविवारी क्लासचीही चाचणी होती. तरी सरांनी नकार दिला नाही. त्यांनी तिच्या वडिलांना फोन लावला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. आकाराम म्हणाले, "निवड सरकारचीच न्हवं? आन तितं कुणी वय इचारलं, क्लास इचारला, म्हंजी? पोरीच्या तोंडातनं निसटलं तर सगळ्यांचाच क्लास बंद पडंल. नगं बाळ. फुडच्या वर्षी बघू."

तसं काही विचारत नसतात, हे सरांना ठाऊक होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. त्यांनी घसा खाकरला, तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "बाबा म्हणताहेत ना. बस."

ती बसली.

रविवारी तिनं पेपर लिहिला. सुरुवातीला टाचा वर होत्या. अर्ध्या पेपरात केव्हातरी त्या जमिनीला टेकल्या. ती मागं सरकली आणि तिचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं. पोरगी बारीक आहे, पण मला ते पेलवेना.

त्या चाचणीत ती पहिली आली. आकारामांनी सरांसाठी खरवस पाठवला.

परवा सरांना काय वाटलं कोण जाणे. वर्ग सुरू असताना त्यांनी स्वतः पडदा बाजूला केला आणि म्हणाले, "वर्षाराणी, जा, प्लॉटवर जरा पाय मोकळे करून ये. मोनाला ने बरोबर. बघू कोण काय म्हणतंय ते."

मी वाट पाहत होतो. मोना उठलीसुद्धा.

वर्षाराणीनं वहीतून मान वर केली नाही. "नगो सर. बसतो की मी हितंच."

साहेब, तुम्ही पुन्हा याल तेव्हा चहावर परत जाऊ नका, जिना चढून वर या. पण नुसतं कुलूप लावून जाऊ नका. त्यानं आम्ही आणखी वरच्या मजल्यावर जाऊ, एवढंच होईल. येताना राधानगरीला उतरा, तिच्या बापाशी बोला. त्याची भीती घालवा. आणि हे लवकर करा. माझं लाकूड अजून बरीच वर्षं टिकेल, पण या पोरीला आता माझी सवय व्हायला लागली आहे.