मानेखाली बसणारी बॅग

धरमपेठेतल्या सायकलींच्या दुकानात शिरल्या शिरल्या आम्ही दोघींनी तोंडावरचे स्कार्फ सोडले. आत एसी होता. माझी धाकटी जाऊ हर्षा तडक काउंटरशी गेली आणि पाठीवरची जुनी बॅग तिथे रिकामी करू लागली. लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, ऑफिसात घालायचे बूट, बदलायचा कुर्ता.

"मॅडम, इथंच राहायले आल्या का?" दुकानदार गोविंदाभाऊंनी विचारलं.

"रिकामी बॅग कोणालेही आरामाचीच वाटते, भाऊ. मले भरून पाहायची आहे."

हर्षा मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. सायकल ती बत्तिसाव्या वर्षी शिकली, कॉलनीच्या मैदानावर, शाळकरी पोरांच्या हसण्यात पडत-उठत. मग मनीषनगरातल्या आमच्या घरून रोज ऑफिसला सायकलनेच जाऊ लागली. घरी आणि ऑफिसात दिवसभर कोणी ना कोणी तिला हाक मारत असतं. सायकलवर कोणी हाक मारत नाही, एवढंच कारण तिने मला एकदा सांगितलं होतं आणि मला ते पुरेसं वाटलं होतं.

हिवाळ्यात तिची मान धरली. उजवीकडे वळेचना. फिजिओथेरपिस्टने दोष बॅगेला दिला. अरुंद पट्ट्यांची ती बॅग सगळं ओझं खांद्यांवर टांगत होती. मान बरी झाली, पण पुन्हा धरली तर सायकल कायमची बंद, असं त्यांनी बजावलं. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर अश्विन, पुन्हा धरायची वाट पाहायला तयार नव्हता. त्याने तिला कंपनीच्या बससाठी नाव द्यायला लावलं.

"वर्धा रोडवर मागून ट्रक येऊन राहिला आणि हिची मान वळत नाही," तो मला म्हणाला होता. "विचारानंच घाम फुटते, वहिनी."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं की सोमवारी सकाळी हर्षाने नव्या बॅगेने जाऊन दाखवायचं. जमलं तर बसमधलं नाव काढायचं, नाही तर मंगळवारपासून बस.

आज शनिवार होता. हर्षा एकेक बॅग भरायची, पाठीवर घ्यायची, छातीवरचा आणि कमरेचा पट्टा आवळायची आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून हँडल धरल्यासारखी वाकायची.

"काउंटर घेऊनच चालल्या का मिहानले?" गोविंदाभाऊ म्हणाले.

"तुमचं काउंटर हलत नाही, भाऊ. नाही तर नेलं असतं."

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, म्हणून तिने मलाही कामाला लावलं होतं. जड वस्तू पाठीला चिकटून असावी, म्हणजे वळणावर बॅग अंगाला ओढत नाही, हे मी सांगितलं. कमरेच्या पट्ट्याने खांद्यांवरचा भार किती कमी होतो, हे तिने पट्टा सोडून आणि बांधून स्वतःच पाहिलं. शेवटी एका बॅगेवर आमचं एकमत झालं. तिच्या पाठीकडच्या बाजूला ताणलेली जाळी होती. जाळी आणि बॅग यांच्यामधून वारा खेळत होता. नागपूरच्या उन्हाळ्याला याहून चांगलं काय असणार? बॅग उंच होती, पण वाकल्यावर ती मानेला लागत नव्हती. हेल्मेटही घालून पाहिलं. ठीक होतं.

दुकानाबाहेर आम्ही स्कार्फ बांधले. हर्षा सायकलवर, मी मागे स्कूटरवर. ट्रॅफिक पार्कच्या पुढे जाईपर्यंत तिचं डोकं खाली जाऊ लागलेलं मला दिसलं. रस्ता पाहायला ती भुवया वर ताणत असावी. थोड्या वेळाने तिने सायकल कडेला घेतली.

"ताई, पुन्हा तिथंच दुखून राहिलं," ती मानेला हात लावत म्हणाली. "जाऊ द्या. बसनं जाईन."

तिचा चेहरा स्कार्फमध्ये होता, नुसते डोळे दिसत होते. तेवढे पुरे होते. पाणी पी, म्हटलं. तिने बॅग काढली, हेल्मेट काढलं, स्कार्फ सोडून गळ्यात टाकला आणि पाणी प्यायली. मग परत निघायचं म्हणून स्कार्फ न बांधताच हेल्मेट घातलं, बॅग चढवली, हँडल धरलं, आणि तशीच थांबली. तिने डोकं वर उचलून पाहिलं. मान आरामात वर गेली.

तिच्या जागी मी असते तर घाईघाईने 'सापडलं' म्हणाले असते. ती मात्र उतरली, स्कार्फ बांधला, गाठ मानेमागे घेतली, बाकी सगळं तसंच ठेवून पुन्हा वाकली. डोकं अडलं. पुन्हा स्कार्फ सोडला. डोकं सुटलं. मी दरवर्षी प्रयोगशाळेत मुलांना एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगते आणि दरवर्षी मुलं दोन बदलतात. ही बाई भर रस्त्यात, दुखऱ्या मानेने, तेच काम न चुकता करत होती.

"हेल्मेट आणि बॅग यांच्यामध्ये गाठ अडकते," ती म्हणाली. "गाठ हेल्मेटला पुढं ढकलते, अन् हेल्मेट मले."

"आणि आपण दोघी दुकानात गेल्याबरोबर स्कार्फ सोडून बसलो."

"रोजचाच आहे ना तो. आठवणार कसा?"

"मग स्कार्फ नको बांधू."

"मे महिन्यात?" म्हणत तिने सायकल वळवली.

आम्ही परत दुकानात गेलो. गोविंदाभाऊंनी बॅग उलटीपालटी करून पाहिली. "एकच चक्कर मारली ना? मग परत घेता येते. पण मॅडम, हिच्यात खराबी काय?"

"काहीच नाही. हिच्यासोबत माझा स्कार्फ चालत नाही."

"आता बॅगेले तुमचा स्कार्फ काहून पसंत नाही?"

"बाहेर या, दाखवते."

तिने सायकल दुकानासमोर स्टँडवर लावली. पूर्ण स्कार्फ, हेल्मेट, बॅग, सगळं घालून ती वर बसली आणि पायडल मारू लागली. मागचं चाक जागच्या जागी गरगरत होतं. शेजारच्या ज्यूसवाल्याकडची गिऱ्हाइकं ग्लास घेऊन पाहायला आली.

"कुठपर्यंत पोहोचल्या, मॅडम?" एकाने विचारलं.

"छत्रपती चौक," हर्षा स्कार्फमधून म्हणाली. "भाऊ, ती निळी द्या."

निळी गेली, काळी गेली. दर बॅगेला ती वर पाहायची, मग उजव्या खांद्यावरून मागे, मग डावीकडून. तिला कोणाचाही संकोच नव्हता. गोविंदाभाऊंची थट्टा हळूहळू थांबली. ते आत गेले आणि वरच्या फळीवरून एक ठेंगणी, रुंद बॅग घेऊन आले. तिला जाळी नव्हती, पाठीला नुसत्या दोन जाड गाद्या होत्या.

"दिसायले काही खास नाही, पण खाली बसते," ते म्हणाले.

बॅग खांद्यांच्या खालीच संपत होती. गाठ मोकळी राहिली. मात्र बूट आत मावेनात. हर्षाने क्षणभर विचार केला. "बूट ऑफिसातच ठेवीन. पाठ भिजेल, तर कुर्ता आहेच. मान वळते, बस."

घाम आणि मान यांपैकी तिने मान निवडली, आणि तीही कुरकुर न करता.

सोमवारी अश्विनने कार काढली आणि मला शेजारी बसवलं. तो वेग कमी ठेवून हर्षाच्या बराच मागे राहिला होता. वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांशेजारून ती एका लयीत चालली होती. खापरीच्या पुढे तिला उजवीकडे वळायचं होतं. मागून एक ट्रक येत होता. अश्विनचे हात स्टीअरिंगवर घट्ट झाले.

हर्षाने मान वळवली. पूर्ण वळवली, हनुवटी खांद्यापर्यंत. ट्रक पाहिला, त्याला पुढे जाऊ दिलं, परत एकदा मागे पाहिलं, हात बाहेर काढला आणि वळली. त्यात घाई नव्हती, धाडसही नव्हतं.

अश्विनने आपला मोबाइल माझ्याकडे सरकवला.

"वहिनी, बसवाल्याले फोन लावा. हर्षाचं नाव काढा म्हणा," तो म्हणाला. "मी गाडी चालवून राहिलो."

गाडी त्याने केव्हाच कडेला उभी केली होती. मी फोन लावला.