माणसाला गोड, उंटाला खारं

त्या सकाळी विहिरीवर एवढी गर्दी होती की शेळ्यांना हौदापर्यंत पोचायला वाट उरली नव्हती. पिवळे जेरीकॅन, काठ्या टेकून उभे म्हातारे, पाठीला पोरं बांधलेल्या बाया, आणि चाल्बी वाळवंटाच्या पांढऱ्या पट्ट्यावरून सुटलेला वारा. तो वारा सगळ्यांच्या पापण्यांवर खाऱ्या मातीचा थर चढवत होता. एरवी एल-हाधाच्या विहिरीवर कोणी हौसेनं येत नाही. गावाचं नावच मुळी 'कडू विहीर'. पाहुण्याला आमचा चहा दिला की तो पहिल्या घोटाला थांबतो, आपल्याकडे बघतो आणि सभ्य असला तर दुसरा घोट घेतो.

हौदाच्या काठावर अब्बा बिशान उभे होते. अब्बा बिशान म्हणजे पाण्याचा बाप. हे नाव कोणी ठेवलं, असं मी ते आले त्याच दिवशी विचारलं होतं, तेव्हा त्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं. कमरेला पांढरं कापड, डोक्याला पांढरं कापड, पायांत मात्र नवे कोरे बूट. दक्षिणेकडून एका लॉरीतून ते उतरले होते आणि ती लॉरी अजून बाभळीखाली उभी होती.

"लेकरांनो, हे पाणी खारं का झालं माहीत आहे?" अब्बा म्हणाले. "तुमच्या आज्या-पणज्यांनी पाणी शेंदताना याला शिव्या दिल्या. पाण्याला कान असतात. ते रुसलं. मी तीन रात्री बसून त्याची समजूत काढली आहे. पण अजून ते लाजतंय. लाजणाऱ्या नवरीसमोर कोणी रिकाम्या तोंडानं जातं का? म्हणून आधी ही डोंगरावरची पवित्र माती चिमूटभर जिभेवर ठेवायची, विरू द्यायची आणि मग प्यायचं."

पहिला मान ओर्गे काकांना मिळाला. हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, गावातले सगळ्यांत वयस्क उंटवाले. त्यांनी ती काळपट भुकटी जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं, मग पेला तोंडाला लावला. सगळी विहीर श्वास रोखून बघत होती.

"गोड आहे," काका म्हणाले. आणि त्यांचा आवाज फुटला.

मी त्यांना दुष्काळात उंट मेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते रडले आणि मला अब्बांचा पहिल्यांदा खरा राग आला. मग एकेक जण पुढे गेला. गोड, गोड, गोड. कोणी तरी हळूच म्हणालं, "पण शेवटी जरासं खारट लागतंय की."

"तो तुझा संशय," अब्बा म्हणाले. "संशय खारटच असतो."

गावाचं नाव त्याच दुपारी बदललं. एल-हाधाचं एल-मिआ झालं, म्हणजे गोड विहीर. घरटी एक शेळी अब्बांच्या चरणी आली आणि चरणांवरून थेट लॉरीत गेली.

मी तलासो, इथल्या दवाखान्यातली नर्स. इथं डॉक्टर येऊन गेल्याच्या दंतकथा आहेत, पण पाहिलेला माणूस सापडत नाही. दवाखान्यामागे सिमेंटची एक टाकी आहे. जिल्ह्याच्या गावाहून आठवड्याला टँकर येतो आणि ती भरतो. ते पाणी फक्त तान्ह्या मुलांसाठी, गरोदर बायांसाठी आणि अंगावर पाजणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी विहिरीचं प्यायचं, दात तपकिरी करून घ्यायचे, चाळिशीत गुडघे वाकवून घ्यायचे आणि त्याला नशीब म्हणायचं. वाळवंटात पाणी नसतं असं शहरातल्या लोकांना वाटतं. आमच्याकडे पाणी आहे. हाताच्या अंतरावर आहे. ते पिऊन तहान वाढते, एवढंच.

माझ्या धाकट्या भावाची बायको, दार्मी, रोज सकाळी टाकीवर येई. भाऊ उंट घेऊन हुरीच्या टेकड्यांकडे गेलेला, आणि हिच्या पदरात चार महिन्यांची वातो. दार्मीला विहिरीचं पाणी जातच नसे. दोन घोट घेतले की तिला मळमळायचं. टाकीचं पाणी पोटात गेलं की दूध यायचं, इतका सरळ हिशेब होता. वातो त्या टाकीवर जगत होती.

त्या आठवड्यात टँकरवाला तुये पाइप लावता लावता म्हणाला, "सिस्टर, गुरुवारी जिल्ह्याचे पाणीवाले साहेब येतायत चमत्कार बघायला. पाणी गोड निघालं तर माझी ही फेरी बंद."

"कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले. लई खुशीत होते."

आमचे साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. आमच्या भागात ही म्हण फारशी लागू पडत नाही, कारण इथं उंटावर बसून शेळ्या खरंच हाकतात. साहेबांना मात्र ती चपखल बसते. ते एकदा खुशीत आले म्हणजे झालंच. मला रात्रभर टाकीच्या तळाशी भांडं खरवडल्याचा आवाज ऐकू येत राहिला.

सकाळी ओर्गे काकांचे उंट लांबून पाण्यावर आले होते. आमच्या विहिरीची ख्याती माणसांत वाईट आणि उंटांत उत्तम. उंटाला अंगात मीठ लागतं. महिना-दीड महिन्यानं त्याला खाऱ्या पाण्यावर आणलं नाही तर तो वाळतो, त्याला खरूज धरते. म्हणून चार दिवसांच्या वाटेवरून लोक आपले उंट एल-हाधाला आणतात. उंट हौदात तोंड घालून असे पीत होते की मान वर निघेना.

"काका," मी म्हणाले, "पाणी गोड झालं तर आता उंटांना मीठ कुठून मिळणार?"

"मिळतंय की," काका हसले. "बघ कसे तुटून पडलेत. ती तांबडी तर हौदाची भिंत चाटत्येय. अब्बांनी दुहेरी चमत्कार केलाय पोरी. माणसाला गोड, उंटाला खारं. एकाच विहिरीत."

काकांनी हे भक्तीनं सांगितलं. पण उंटाच्या जिभेवर कोणी पवित्र माती ठेवली नव्हती.

त्या दुपारी मी रांगेत उभी राहिले आणि चिमूट घेतली. आंबट, तुरट, जीभ ओढून धरणारी. मग पाणी प्यायले. गोड. खरंच गोड. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आणि त्या काट्याबरोबर एक दुकान आठवलं. नैरोबीत नर्सिंग शिकत होते तेव्हा वसतिगृहासमोर एक गुजराती काकू किराणा विकायच्या. मला पित्त झालं की बरणीतून काळे वाळके तुकडे काढून द्यायच्या. "चघळ, आणि वर पाणी पी," म्हणायच्या, "फुकटचं सरबत." त्या फळाचं नाव आवळा. आवळा चघळला की साधं पाणी गोड लागतं, हे त्यांच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्या वाळवंटात आवळ्याचं झाड कोणी बघितलेलं नाही. जिथं माल अनोळखी, तिथंच त्याचा देव होतो.

गुरुवारी साहेब आले. त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची मांडली होती, अब्बांसाठी चटई. मी दोन जेरीकॅन घेऊन गेले.

"साहेब, तुम्ही पिण्याआधी गावाला माझ्या हातचं पिऊ द्या," मी म्हणाले.

"या बाईचा देवावर विश्वास नाही," अब्बा म्हणाले.

"देवावर आहे अब्बा. तुमच्या पुडीवर नाही."

मी ओर्गे काकांना पुढे बोलावलं. चूळ भरायला लावली आणि पहिल्या कॅनमधून विहिरीचं पाणी दिलं. पुडी न देता. काकांनी एक घोट घेतला आणि तो खाली थुंकला.

"खारं," ते म्हणाले.

"तिनं मातीचा अपमान केला, म्हणून पाणी पुन्हा रुसलं," अब्बा लगेच म्हणाले. शब्द त्यांच्या जिभेवर तयार असत.

"असेल. मग न रुसलेलं पाणी घेऊ." मी दुसरा कॅन उघडला. "हे त्या पलीकडच्या झऱ्याचं आहे. मिठाच्या खपल्यांतून झिरपणारं. तिथं अब्बांचा पाय लागलेला नाही, आपल्या शेळ्याही तिथं तोंड लावत नाहीत. आता पुडी घ्या, काका."

काकांनी पुडी जिभेवर ठेवली. प्यायले. माझ्याकडे बघितलं, मग अब्बांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"गोड," ते पुटपुटले.

मग बाया आल्या, पुरुष आले. सगळ्यांनी तो झरा चाखला, ज्याच्याजवळून जाताना आम्ही नाक मुरडतो. सगळ्यांना गोड लागला. मी विचारलं, "अब्बा, या झऱ्याची समजूत कुणी काढली?"

मागून कोणी तरी फिदीफिदी हसलं. अब्बांनी वर आकाशाकडे बघितलं, पण तिकडूनही काही सुचेना. मी आवळ्याची गोष्ट सांगितली. बदलली ती जीभ, पाणी आहे तसंच आहे. काही क्षणांपुरतं जिभेला फसवता येतं. मूत्रपिंड, हाडं आणि तान्ह्या पोराचं पोट यांना फसवता येत नाही. उंटानं हे आधीच सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही.

मला वाटलं होतं लोक चिडतील. दगड उचलतील, निदान शेळ्या परत मागतील. तसं काही झालं नाही. ओर्गे काका काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "खोटं होतं ते कळलं पोरी. पण गोड होतं."

एवढ्यात खुर्चीतून साहेब उठले. त्यांनी स्वतः पुडी घेतली, झऱ्याचं पाणी घोटभर प्यायले, ओठ चाटले. "वा," ते म्हणाले. "सिस्टर, काय नाव म्हणालात या फळाचं?"

"आवळा."

"मिळतं कुठं?"

"किराणा दुकानात. साहेब, पण टँकर..."

"टँकरला डिझेल लागतं. रस्त्यात दर फेरीला टायर फुटतं. ही भुकटी एका खोक्यात वर्षभराची मावेल." ते खरोखर आनंदात होते. "लोक पूर्वीही हेच पाणी पीत होते ना? आता निदान आवडीनं पितील."

"तान्ह्या मुलांच्या आयांचं काय?"

"त्यांना दोन पुड्या द्या."

साहेब परत निघाले तेव्हा अब्बा बिशान त्यांच्याच गाडीत मागच्या सीटवर बसले. माल कुठून स्वस्तात आणायचा ते त्यांना ठाऊक होतं. लॉरी शेळ्या घेऊन मागोमाग गेली. त्या दोन गाड्यांची धूळ चाल्बीवर बराच वेळ दिसत होती. मी लबाडी उघडी पाडली आणि सरकारनं ती उचलून खिशात घातली. आमच्याकडे दुष्काळातला तेरावा महिना असा येतो.

टँकर पुन्हा आला नाही. मी तीन अर्ज पाठवले. उत्तर आलं की अभिलेखात गावाचं नाव गोड विहीर असं आहे, सबब टँकर देय नाही. पुढच्या लसींच्या पेटीबरोबर एक खोकं आलं. आत आवळ्याच्या भुकटीच्या पुड्या होत्या आणि प्रत्येकीवर हसऱ्या थेंबाचं चित्र.

मी ते खोकं कपाटात कुलपात ठेवलं. वाटायचं नाही असं ठरवलं होतं. टाकी तोवर कोरडी पडली होती.

मग एका दुपारी दार्मी आली. वातो तिच्या खांद्यावर होती. रडत नव्हती, आणि तेच मला आवडलं नाही. टाळू आत गेलेली, ओठ सोललेले. मी होता तो जलसंजीवनीचा पुडा टाकीतून राखून ठेवलेल्या शेवटच्या उकळलेल्या पाण्यात कालवला आणि चमच्यानं पाजत बसले. दार्मी माझ्याकडे बघत होती.

"वन्सं, ती भुकटी द्या," ती म्हणाली.

"बाळाला? वेडी आहेस का?"

"बाळाला नाही, मला. विहिरीचं मला दोन घोटांपलीकडे जात नाही, उलटून पडतं. पोटात पाणी नाही तर दूध कुठून येणार? पुडी घेतली की पेलाभर जातं. मी पाहिलंय." तिनं पदरानं वातोचे ओठ टिपले. "पाणी तेच आहे हे मला कळतं हो. तुम्हीच दाखवलंत. पण दुसरं कुठाय?"

ते पाणी तिची हाडं खाईल. पण ते प्यायली नाही तर वातो पुढच्या आठवड्याला नसेल. मी किल्ली काढली.

"देते," मी म्हणाले. "पण आधी एक वाक्य म्हणायचं. मोठ्यानं."

"कसलं?"

"पाणी खारं आहे."

ती म्हणाली, "पाणी खारं आहे." भुकटी जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि पेला संपवला.

तेव्हापासून दवाखान्यात हा नियम आहे. पुडी हवी असेल त्यानं आधी ते वाक्य म्हणायचं. ओर्गे काका म्हणतात, हा तुझा नवा मंत्र का? मी म्हणते, मंत्रानं डोळे मिटतात, यानं उघडे राहतात. तुमच्या गावात कोणी पाणी गोड करून दाखवलं, तर जिभेला विचारू नका. ज्याला पुडी मिळाली नाही त्याला विचारा: उंटाला, तान्ह्या पोराला. आणि ज्या दिवशी चमत्कार होतो त्या दिवशी काय काय बंद होतं, तेवढं बघा.

वातो अजून आहे. वजन वाढत नाही. सकाळी दाराशी बायांची रांग लागते आणि एकेक जण आत येऊन सांगते की पाणी खारं आहे. मी मान हलवते, पुडी देते आणि पुढचीला बोलावते. गावाच्या तोंडाशी गोड विहिरीची पाटी आहे, वाऱ्यानं अजून पाडलेली नाही.