विहिणीच्या गाण्याची दुरुस्ती

“परत वाच,” जमनाआत्या दिव्यश्रीच्या कानाशी कुजबुजली आणि लॅपटॉपकडे अशी बघत राहिली, जशी ती दूध तापताना पातेल्याकडे बघे.

दिव्यश्रीने वाचलं :

“विहीण आली मांडवात, आधी शिरली कोठीत,
चार लाडू पदराखाली, पाचवा गं मुठीत.”

“सरी, बरं जमलं. आता घोरण्याची,” आत्या म्हणाली.

“विहीण घोरे, येलहंक्यात भिंतींना थरथराट,
विमानवाले म्हणती, हिला उतरायला द्या वाट!”

आत्या पोट धरून हसली, पण हसण्याला आवाज नव्हता. चिकपेटच्या आसपासच्या मराठी घरांत विहिणीची पंगत तिच्या गळ्यावर बसायची आणि तिच्या गळ्यावर उठायची. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि कुजबुज तेवढी मागे राहिली. म्हणून दिव्यश्रीच्या धाकट्या बहिणीच्या, भव्याच्या लग्नात गाणी छापून बायकांच्या हाती द्यायची, असं ठरलं होतं. बायकांनी शाळेत हिंदी घेतलेलं, त्यामुळे देवनागरीची अक्षरओळख होती. आत्याला मात्र वाचता येई ते कन्नडच. मराठी तिच्या फक्त जिभेवर होती.

“सोयराबाई चिडल्या तर, आत्या?” दिव्यश्रीने विचारलं.

“चिडायलाच तर गायचं, वेडे!”

आत्या चहा टाकायला गेली. दिव्यश्रीच्या डोळ्यांसमोर सोयराबाई आल्या. विमानतळाकडच्या येलहंक्यातल्या नवरदेवाची, अजितची आई. भव्याला बघायला आल्या, तेव्हा तिरकी खुर्ची आधी सरळ करून मगच बसलेल्या. या बाईच्या घरात धाकट्या बहिणीला जन्म काढायचा होता, आणि चार लाडवांपायी तिथे पहिल्याच दिवशी अढी पडायची!

तेवढ्यात ओळींखाली लाटा उमटल्या. पडद्याच्या कडेला एक चौकट उघडली : ‘हे वाक्य वाचकाला दुखावू शकते. सौम्य पर्याय पाहा.’ दिव्यश्रीला ही चौकट सख्ख्या मैत्रिणीसारखी. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात ती दिवसभर चिडलेल्या गिऱ्हाइकांना गोड उत्तरं लिही, आणि एकही उत्तर हिला दाखवल्यावाचून पाठवत नसे. तिने दाराकडे पाहिलं. मग ‘सगळे बदल स्वीकारा’ या बटणावर बोट ठेवलं. लाटा एकदम निवल्या. तिचा जीवही निवला.

लग्न लागलं. दुपारी पंगत बसली. केळीच्या पानांवर वरणभात, कोशिंबिरी, जिलब्या. मधोमध सोयराबाई, शेजारी भव्या. विहिणीने घास घेतल्याशिवाय मुलाकडच्या कुणी पानाला हात लावायचा नाही, आणि गाणं झाल्याशिवाय विहिणीने घास घ्यायचा नाही, अशी या घरांची रीत. बायका कागद घेऊन उभ्या राहिल्या. आत्याने हाताने ठेका धरला. हेमलताकाकूंनी जुन्या चालीवर सूर लावला :

“विहीणबाईंचे मांडवात आगमन झाले असून,
त्यांनी काही लाडू स्वीकारले आहेत...”

ठेका थांबला. आत्याने दिव्यश्रीकडे पाहिलं. तोंडातला विडा कुणी काढून घेऊन बत्तासा ठेवावा, तसा तिचा चेहरा झाला. पण बायका कागदाशी इमानी होत्या. त्यांनी दुसरंही तितक्याच जोरात म्हटलं :

“विहीणबाईंना रात्री शांत झोप लागत असावी,
अशी आम्ही आशा व्यक्त करतो...”

‘करतो’पाशी चाल संपली आणि शब्द लोंबकळत राहिले. मुलाकडचं कुणी हसलं नाही. सोयराबाईंनी हात मांडीवर ठेवले.

“झालं?”

“झालं, अक्का,” हेमलताकाकू म्हणाल्या. “जेवा आता.”

“मला भूक नाही.”

भात निवू लागला. भव्या मान खाली घालून पानाच्या शिरा बघत होती.  दिव्यश्री पुढे झाली.

“माझी चूक, सोयराबाई. आत्याची गाणी वेगळी होती. मी गोड करून घेतली. तुम्हाला राग येईल म्हणून.”

“राग तर आलाच की.” सोयराबाईंचा आवाज शांत होता. “असं गोड माझ्याशी ब्यांकेतली पोरगी बोलते. माझ्या लग्नात माझ्या सासूला कुणी गायलंच नाही. माझ्या माहेरी सुतक फिटून आठवडा झालेला, कुणाला सुचतंय? सासू मरेपर्यंत म्हणत राहिली, तुमच्या माणसांनी मला परकी धरली. ते सगळं माझ्या ताटात पडलं.” त्यांनी भव्याकडे क्षणभर पाहिलं. “तेव्हापासून म्हणत होते, माझी पाळी येईल तेव्हा पोटभर ऐकीन.”

आत्याचा हात दिव्यश्रीच्या पाठीवर आला आणि त्याने तिला सरळ पुढे ढकललं. दिव्यश्रीला आत्याच्या ओळी आठवेनात. एकही नाही. मग तिने समोरच्या बाईकडे नीट पाहिलं. अगदी निरखून, इतके दिवस भीतीने पाहिलं नव्हतं तसं. आणि सूर लावला. तो फाटकाच निघाला :

“विहीण आली चष्मे लावून, एक डोकी, एक नाकी,
सूनबाई सोडून बघते, जिलबी किती बाकी!”

सोयराबाईंचा हात डोक्यावर गेला. तिथे चष्मा होता. नाकावर गेला. तिथेही होता. येलहंक्याच्या पाहुण्यांत कुणाला तरी ठसका लागला.

“हे आत्याचं?”

“नाही. माझं.”

“चाल चुकलीस. स्वल्प वरून घ्यायचं.”

“सरी.”

“आणि घरी येशील तेव्हा याच्याहून वाईट करून आण. हे काय, पहिलीतल्या पोराला रागावल्यासारखं!”

त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढून भव्याच्या हाती दिला आणि भात कालवला. पहिला घास तोंडात गेला, तसे पंगतीतले सगळे हात पानांवर पडले. वाढपी धावले. आत्या मांडी ठोकत, आवाज नसलेलं हसत होती.

सोयराबाईंनी दुसरा घास उचलला आणि सुनेच्या कानाशी वाकल्या.

“भव्या, जा गं. कोठीत बघून ये. खरंच किती उरल्यात?”