नाथाच्या बागेची राखण

हे कुणालाच खरं वाटणार नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. माझी, म्हणजे या पंढरीनाथाची, गोष्ट खरी मानणारा माणूस आमच्या हाटकेशमध्ये अजून राहायला आलेला नाही. पण या वेळी साक्षीदार माझ्या शेजारीच बसली होती. आमच्या बिल्डिंगच्या कट्ट्यावर, मांडीवर पावट्याच्या शेंगा घेऊन. उर्मिला. गोष्टही तिच्याच घरातली.

समोर जितेश आणि पिंकी. दादरहून नुकतेच इथे आलेले नवराबायको. पिंकीच्या हातात उर्मिलेच्या कॉफीचं पाकीट होतं.

"काका, हिच्याने झोप उडत नाही म्हणे. केमिकल घालतात का?"

"घालत काही नाहीत, काढून घेतात," मी म्हटलं. "आता जे काढतात ते जातं कुठे, ते विचार."

मी उर्मिलेकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांगा काका. मला सांगायला जमत नाही."

मला तेवढं पुरे.

उर्मिलेचा मागच्या गल्लीत कॉफीतलं कॅफिन काढायचा गाळा आहे. तिथला बॉयलर मी सांभाळतो. उभा जन्म माझा कंपनीच्या बॉयलरवर गेला. कॉफीचं कच्चं, हिरवं बी गरम पाण्यात भिजवायचं. पाण्यात कॅफिन उतरतं, चवही उतरते. ते पाणी मग करवंटीच्या कोळशातून गाळायचं. कोळसा कॅफिन धरून ठेवतो, चव सोडून देतो. आता त्या चवीने भरलेल्या पाण्यात पुढचं बी टाकलं, की पाण्याला आणखी चव घ्यायला जागाच नसते. बियातून निघतं ते फक्त कॅफिन.

"आणि बी कुठलं?" जितेशने विचारलं.

"चिखलदऱ्याच्या वरच्या डोंगरातलं."

लहान लहान बागा. कुणाची घरामागे, कुणाची उतारावर. उर्मिला स्वतः दारोदार फिरून माल घेते. उंचावरचं बी सावकाश पिकतं, कठीण असतं. त्यातली सगळ्यात उंच बाग नाथाची. एकटा माणूस. बागेतल्या उंच माळ्यावर बसून राखण करायचा, रानडुकरं आली की डबा बडवायचा. वर्षानुवर्षं धड झोप नाही.

"आता मला सांगा," मी म्हटलं, "त्या बियात नुसतं कॅफिन असेल? नाथाचं जागरणही उतरलं असणार की नाही?"

"काय पण फेकताय काका!" पिंकी खिदळली. "जागरण काय बियात उतरतं?"

"उतरतं," शेंग सोलता सोलता उर्मिला म्हणाली.

पिंकीचं हसू तिथेच राहिलं.

उर्मिलेची सासू आनंदीबाई. रायगडच्या. जन्मभर राखुंडीने दात घासलेले. पेस्ट लावली की म्हणायच्या, साबण चाटल्यासारखं वाटतं. गाळ्याबाहेर नाथाच्या मालाचा वापरलेला कोळसा वाळत पडला होता. इतका चांगला कोळसा फेकून द्यायचा म्हणजे काय? त्यांनी डबाभर उचलला, खलबत्त्यात कुटला, मीठ घातलं.

आधी झोप गेली. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, पायाला तेल चोळून झालं. काही नाही. डोळे लखलखीत, आणि अंग मात्र रोज थोडं थोडं वाळत चाललेलं. मग एका भरदुपारी स्टीलचं ताट घेऊन खिडकीत उभ्या राहिल्या आणि लागल्या बडवायला. "हुर्र! हाल! हाल!"

सातवा मजला. खाली पार्किंग.

उर्मिला धावली. "आई, कुणाला हाकलताय?"

"अगो, डुकरं शिरली वाडीत. खालच्या अंगाने."

बाईंनी आयुष्यात तो डोंगर पाहिलेला नाही. पण त्यांच्या अंथरुणावरची चादर उचलली तर पायांकडे ओली माती. टाचांना कुसळं.

"कुंडीतली माती असेल," जितेश म्हणाला.

"आमच्याकडे कुंडी नाही," उर्मिला म्हणाली.

पिंकीने पाकीट हळूच कट्ट्यावर ठेवलं आणि जितेशच्या बाजूला सरकली.

उर्मिलेने चिखलदऱ्याला फोन लावला. नाथाचा भाऊ शिवा बोलला. स्पीकरवर मीही ऐकलं.

"बाई, नाथा झोपला त उठूनच नाही राहिला. हलवून पाहिलं, पाणी मारलं तोंडावर. श्वास चालू हाय. आन बागेत राखणीले कोणी नाही, तरी एक डुक्कर फिरकून नाही राहिलं. माळ्यावर ताट वाजते. कोण वाजवते, दिसत नाही."

तेव्हा आम्हाला कळलं. जागरण एकच, माणसं दोन. ते जिथलं तिथे पोचवलं नाही, तर तिकडे तो झोपेतच संपणार आणि इकडे ही म्हातारी जागून जागून संपणार. डॉक्टरने तर सांगितलंच होतं, असं शरीर फार दिवस तग धरत नाही.

"मग?" पिंकीने माझ्या सदऱ्याची बाहीच धरली.

मग काय, डब्यातली उरलेली राखुंडी पिशवीत बांधली आणि मीच निघालो. एस.टी., जीप, पुढे पायी. नाथाच्या बागेत धुकं असं, की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. वर माळा रिकामा. ताट मात्र वाजत होतं, अगदी कानाशी. झाडांच्या बुंध्याशी खड्डा केला, राखुंडी ओतली, माती लोटली. ताट थांबलं. खालच्या झोपडीतून खोकला आला. जाऊन बघतो तर नाथा उठून बसलेला, चहा मागतोय!

"आणि नेमक्या त्याच वेळी," मी म्हटलं, "इथे सातव्या मजल्यावर आनंदीबाईंनी ताट खाली ठेवलं, उशीला डोकं टेकलं आणि घोरायला लागल्या. आता म्हणे जेवायलासुद्धा उठवावं लागतं."

पिंकीने मोठा श्वास सोडला. जितेश हसला. "मस्त काका! मानलं तुम्हाला!"

उर्मिलेचे हात थांबले होते.

"काका, इथवर सगळं खरं सांगितलंत," ती म्हणाली. "हे मात्र खोटं."

"कुठलं गो?"

"नाथाभाऊ उठले, ते खरं. पण आई झोपल्या नाहीत. त्यांची राखण आता आईच करतायत. परवापर्यंत हाक मारली की मान तरी वळवायच्या. आता खिडकीत माझ्यासमोरच उभ्या असतात, मी हाक मारते, त्या ओ देतात. पण काका, ती ओ फार लांबून येते."