पुडीला औषध कोण म्हणतं?

अरुंधतीच्या सासऱ्यांची, दादांची, ऐट बघावी तर रक्त द्यायच्या दिवशी. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात मफलर, आणि घरापासून, म्हणजे अन्नपूर्णापासून, तुकोगंजच्या हॉस्पिटलपर्यंत रिक्षावाल्याला ऐकवणार, "भिया, अपन रिसर्च में हैं!"

रिसर्च म्हणजे काय, तर म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियाची लस टोचायची आणि रक्तात अँटिबॉडी किती वाढतात ते बघायचं. अरुंधती तिथलीच नर्स. दादांना तिनंच नेलं होतं.

लस द्यायच्या आधी तिनं नेमाप्रमाणे विचारलं, "दादा, काही औषध चालू आहे?"

"छे! मला काय धाड भरलीय?"

तीही पुढच्या प्रश्नाकडे वळली. आता बोला! गुडघ्यांसाठी एका वैद्याकडची पांढरी पुडी दादा रोज मधातून चाटत होते, आणि ती आणून देणारी हीच बाई. पण पुडीला त्यांच्या घरात औषध कोण म्हणतं? औषध म्हणजे डॉक्टरचं.

पुडीनं गुडघे पळायला लागले. गाल भरले. शेजारणी म्हणाल्या, "सुनेनं छान खाऊपिऊ घातलंय हं!" आणि अरुंधती खूश झाली. आज ते आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

महिन्याभरानं पुन्हा रक्त तपासलं. बाकीच्यांच्या अँटिबॉडी वाढल्या होत्या, दादांच्या जागच्या हलल्या नव्हत्या. रिसर्च चालवणाऱ्या डॉक्टर मानसनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "अरुंधतीजी, स्टेरॉइड तो नहीं ले रहे? चेहरा सूजा हुआ लगता है."

तेव्हा तिला पुडी आठवली. असल्या पुड्यांत स्टेरॉइड कुटून घालतात, त्यानं लस अंगी लागत नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण खरं सांगितलं तर आपली शोभा होणार, रिसर्चमधून दादांचं नाव कटणार, ते हिरमुसून बसणार.

"नाही सर," ती म्हणाली.

पुडी बंद करायचीच, असं तिनं ठरवलं. पण घराजवळच्या लालबागची जत्रा झाल्यावर. दादांना जत्रेत आपल्या पायांनी फिरायचं होतं ना!

फिरले, मनसोक्त फिरले. खोकत घरी आले आणि दोन-तीन दिवसांत हॉस्पिटलात गेले. न्यूमोनिया. मग अरुंधतीनं डॉक्टर मानसना सगळं सांगितलं, रडत रडत. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"उसी दिन बता देतीं," ते म्हणाले, "तो वो पुड़िया धीरे-धीरे छुड़ाते, टीका फिर से लगाते."

दादांचं रक्त अभ्यासातून वगळावं लागलं. ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

नाकाला नळी, धाप लागलेली, तरी दादांनी विचारलं, "सूनबाई, माझ्या रक्ताचा उपयोग झाला ना गं?"

"झाला ना, दादा. खूप झाला."

"आता परत कधी बोलावलंय?"

जो वार सुचला तो ती बोलून गेली. "सोमवारी."

"मग शर्टाला इस्त्री करून ठेव."

तिनं त्याच रात्री इस्त्री केली. सोमवारी तोच शर्ट घालून दादांना स्मशानात नेलं.