मामाकडचा आहेर

“हे घेतली काय?” नत्थूजींनी हात टॉवेलला पुसले आणि मगच साडीच्या घडीला बोट लावलं. जांभळा रंग, काठाला बारीक जर. “लय भारी दिसून राहिली व. पुरले काय पैसे?”

“पुरले ना,” देवकाबाई म्हणाल्या. “फॉल बी लागून हाय. वच्छलाबाईले लगेच नेसता येईन.”

त्यांनी साडी पाठ फिरवूनच कागदात गुंडाळली. नवऱ्याच्या तोंडाकडे त्यांना पाहवत नव्हतं.

पांढुर्ण्याच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये नत्थूजी लग्नाआधीपासून वजनकाट्यावर होते, ते त्या हंगामात उघडलंच नाही. मालक म्हणाला, मागच्याच गाठी पडून आहेत, भाव नाही, घेणारा नाही. नत्थूजी तरीही दिवाळीनंतर कितीतरी दिवस इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत जाऊन येत. चौकीदार आतूनच हात हलवी.

घर देवकाबाईंनी सांभाळलं. त्यांनी कुणाला न सांगता एक नियम केला होता. लोकांना जे दिसतं त्याला हात लावायचा नाही, जे दिसत नाही ते कापायचं. पाहुण्याच्या कपात दूध, स्वतःच्या कपात नुसतं गुळाचं पाणी. साबणाची वडी दोऱ्यानं कापून अर्धीच मोरीवर ठेवायची. वरणात पाणी. दोरीवर धड कपडे रस्त्याच्या बाजूला, फाटके भिंतीच्या बाजूला. शेजारच्या शांताबाई एकदा म्हणाल्या, “तुमच्या घरी पाहून वाटतच नाही वो, जिन बंद हाय म्हणून.” त्या दिवशी देवकाबाईंना पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर सौंसरहून निरोप आला. नत्थूजींची धाकटी बहीण वच्छला, तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नत्थूजी एकटेच मामा.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळीच स्टेशनकडे जाऊ लागले. संत्र्याच्या पेट्या वॅगनमध्ये चढत होत्या. “तिथं बी काट्याचंच काम भेटलं,” ते म्हणाले. पण अंघोळीच्या वेळी देवकाबाईंनी त्यांचा खांदा पाहिला. कातडी सोलून निघाली होती. त्यांनी न पाहिल्यासारखं करून पाठीवर पाणी घातलं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात नत्थूजींनी मजुरीचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. “साधीसुधी नको घेऊ. मामाकडचा आहेर हाय.”

देवकाबाई कापडाच्या दुकानापर्यंत गेल्या. पायरीवर उभ्या राहिल्या. आत बायका गादीवर बसून साड्या उलगडून घेत होत्या. पेट्यांचा हंगाम संपत आला होता, आणि घरातल्या ज्वारीचा डबा तळाला गेला होता. त्या वळल्या आणि ज्वारी नि तेल घेऊन घरी आल्या.

त्यांच्या मुलीच्या, मंगलाच्या लग्नात आलेल्या साड्या ट्रंकेत होत्या. घडी मोडायला नको म्हणून त्यांनी त्या नेसल्याच नव्हत्या. त्यातली ही जांभळी आपल्या मोहगावच्या बहिणीनं दिलेली, असं त्यांना पक्कं आठवत होतं.

सौंसरला विहारासमोर मांडव होता. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, फुलांच्या पाकळ्या पडल्या, आणि जेवणाच्या पंगती उठायच्या आत आहेर सुरू झाले. वच्छलाचा दीर भाऊराव माइक धरून एकेक नाव पुकारत होता.

“पांढुर्ण्याचे नत्थूजी, नवरीचे मामा! यायच्याकडून वच्छलाबाईले भारी साडी-चोळी!”

नत्थूजी उभे राहिले. त्यांनी शर्ट खाली ओढून सारखा केला, सगळ्यांना जयभीम केला. देवकाबाईंनी साडी वच्छलाच्या ओटीत दिली.

वच्छला हसत होती. तिनं सवयीनं खालचा काठ उलटून पाहिला. सौंसरमधल्या निम्म्या बायकांच्या साड्यांना तीच फॉल लावून देई. तिचं बोट काठावरून सरकलं आणि थांबलं.

जांभळ्या साडीच्या फॉलला हिरव्या दोऱ्याची शिलाई होती.

तेव्हा कुठे देवकाबाईंना आठवलं. मंगलाच्या लग्नात हीच वच्छला साडी हातात देऊन हसली होती, “जांभया दोरा सरला वो वयनी, हिरव्यानं भागवलं. खालून कोन पाह्यते?”

वच्छलाची जाऊ यमुना शेजारीच बसली होती. तिनं हात पुढे केला. “पाहू द्या ना, पोत कसा हाय?”

वच्छलानं साडी छातीशी धरली आणि उठली. “पाह्यतेस काय? नेसूनच दाखवतो. माह्या भावानं आनली.”

ती घरातून आली ती जांभळी नेसून. नत्थूजींचा चेहरा असा फुलला की देवकाबाईंनी मान खाली घातली. पुढची सगळी दुपार वच्छला त्याच साडीत पाहुण्यांमागे धावत राहिली. ती पायरी चढली की काठ वर होई आणि हिरवा दोरा दिसे. दुसऱ्या कुणाला दिसत नसावा. देवकाबाईंना मात्र तेवढंच दिसत होतं.

शेवटी त्यांनी तिला स्वयंपाकाच्या चुलींमागे गाठलं.

“वच्छलाबाई, मी…”

“राहू द्या, वयनी. जिन बंद हाय, हे मले कधीचं मालूम हाय. तुमीच सांगतलं नाही.” वच्छला परातीतल्या पुऱ्या झाकत होती. “दादाची काय चुकी? हात रिकामा असल्यावर मानूस कुठून आनन?”

हे देवकाबाईंना सोसलं नाही. दोष त्यांचा होता, आणि तो नवऱ्याच्या रिकाम्या हातावर चालला होता.

“त्यायनं देल्ते पैसे,” त्या घाईनं बोलल्या. “नवी साडी आन म्हनून देल्ते. पेट्या उचलून आनले होते त्यायनं. म्याच घरात जवारी भरली.”

वच्छलाचा हात थांबला. “पेट्या? दादा पेट्या उचलून राहिला?”

देवकाबाईंनी तोंडाला पदर लावला. नवऱ्याची लाज राखायला गेल्या, आणि त्यानं बायकोपासूनही लपवलेली गोष्ट त्याच्या बहिणीला सांगून बसल्या.

वच्छलानं त्याच साडीच्या पदरानं डोळे पुसले. “त्याले बोलू नका काही. दुपारपासून तीनदा इचारलं त्यानं मले, आवडली काय म्हनून.”

नवरीची पाठवणी झाल्यावर हे दोघं निघाले. वच्छला भावाच्या पाया पडली आणि लवकर उठलीच नाही. नत्थूजी गोंधळले. “अवं, पोरगी सासरी गेली, तू माह्या पायावर कायले रडतं?” असं म्हणत त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

पांढुर्ण्याच्या बसमध्ये जागा मिळाली. शेजारच्या बाकावर एक म्हातारी होती. नत्थूजींनी तिला विचारलं नसतानाही सांगायला सुरुवात केली. भाचीचं लग्न होतं. माइकवर नाव घेतलं. बहिणीनं आहेराची साडी भर मांडवात नेसली, दिवसभर उतरवली नाही.

“असा भाऊ पायजे बाप्पा,” म्हातारी म्हणाली. “साडी कुठून घेतली?”

नत्थूजी बायकोकडे वळले. “कुठून घेतली व?”

“बाजारातूनच,” देवकाबाई म्हणाल्या.

“केवढ्याले पडली?” म्हातारीनं विचारलं.

नत्थूजी समाधानानं हसत उत्तराची वाट पाहत होते. त्यांनाही ते कुठे ठाऊक होतं?

“लय भारी पडली,” देवकाबाई म्हणाल्या.