अकारविल्हे कोण?

पुस्तकं बांधून देणाऱ्या बाइंडरबाईंच्या बाबांना जरा कमी ऐकू येई, पण उकाडा त्यांना सगळ्यांच्या आधी कळे. त्या दिवशी दुपारी त्यांनी पंख्याचं बटण एकदम पाचावर नेलं आणि टेबलावरचे जुने सुटे कागद पाखरांसारखे दुकानभर उडाले.

"बाबा! पंखा!"

"हो, छान लागतोय," बाबा म्हणाले.

ते कागद सकाळीच एका निवृत्त नर्सबाईंनी बांधायला आणून दिले होते. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या हातच्या कविता, प्रत्येक पानावर एक. बहीण आता राहिली नव्हती. पाच वाजता पुस्तक घेऊन नर्सबाई भाचीकडे जायला निघणार होत्या. आणि पानांवर आकडे नव्हते! पुडक्यावर एकच शब्द होता, 'अकारविल्हे'. बाईंनी ते आडनाव समजून पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत उठवूनही टाकलं होतं.

पंखा बंद करून त्यांनी पानं गोळा केली. "आता लावायची कशी? या अकारविल्हे बाईंनी आकडे तरी घालायचे!"

बाबा खो खो हसायला लागले. सारा जन्म छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला माणूस. "अगं, आडनाव कसलं! अकारविल्हे म्हणजे अ, आ, इ, ई अशा क्रमानं लावलेलं. शब्दकोश असतो ना, तसं. विल्हे लावणं म्हणजे ज्याला त्याला आपापल्या जागी बसवणं. विल्हेवाट त्यातलीच. हल्ली आपण ती फक्त कचऱ्याची लावतो, एवढंच."

बाईंनी हातातलं पान पाहिलं. 'अंग तापलं, अंगण दूर, अंथरुणातच धर गाण्याचा सूर.' दुसरं पान मगरीचं, तिसरं गाढवाचं. प्रत्येक कविता एकेका अक्षराची!

"बाबा, तुम्ही म्हणा, मी लावते!"

बाबा खणखणीत आवाजात म्हणू लागले आणि बाई पदर खोचून फरशीवर पानं मांडू लागल्या. क सापडला, ख कपाटाखाली निघाला, ण बाणाच्या टोकाला बसलेला मिळाला. ळ आल्यावर दोघं थांबली. ळ नं सुरू होणारा शब्द कुठून आणणार? पण नर्सबाईंच्या ताईंनी तीही सोय केली होती: 'ळ रुसून बसला, म्हणे, मला पहिला नंबर कधीच नाही!' बाबांनी मांडीवर थाप मारली. "भले शाब्बास!"

ज्ञ पर्यंत पोचल्यावर बाईंनी पुन्हा एकदा नजर फिरवली. त झाल्यावर एकदम द होता.

"बाबा, थ नाही!"

"बघ, अकारविल्हे नसतं तर पान गेल्याचं कळलंही नसतं."

"कौतुक नंतर करा, आधी शोधा!"

कपाट हललं, चटई झटकली गेली, खळीचं भांडं उलटता उलटता वाचलं. शेवटी बाईंचं लक्ष उघड्या खिडकीकडे गेलं. समोरच्या दुकानाच्या शटरला रंगारी हिरवा हात देत होता, आणि त्या ओल्या रंगावर एक कागद चिकटला होता. बाई अनवाणीच धावल्या.

"अहो, ब्रश थांबवा!"

"मला वाटलं जाहिरात आहे. आता त्यावरूनच रंग देणार होतो," रंगारी म्हणाला.

त्यानं पातळ सुरीनं पान अलगद सोडवलं. मागची कोरी बाजू हिरवीगार झाली होती. पुढच्या शाईला धक्काही नव्हता. बाई ते पान दोन्ही हातांवर धरून मिरवत परत आल्या, तर दारात नर्सबाई उभ्या! अजून चारच वाजले होते.

लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी सगळं सांगितलं, आडनावाचं सुद्धा.

नर्सबाई मात्र हसतच सुटल्या. "मी आठ वर्षांची होते, आजारी. शाळा बंद. ताई रोज एका अक्षराची कविता करायची. हा शब्द तिनं शब्दकोशातून काढला होता, मोठ्या ऐटीत सांगायची. मला तर ते औषधाचंच नाव वाटायचं! डॉक्टरांना मी विचारलं होतं, अकारविल्हे किती चमचे घ्यायचं?"

मग त्यांनी ते पान घेतलं. रंगारीही ब्रश हातात घेऊन दाराशी आला होता. नर्सबाई मोठ्यानं वाचू लागल्या:

"थेंब थेंब औषध घे,
थोडं थोडं हसून दे,
थकलीस तर सांग मला,
थोपटायला ताई आहे."

शेवटची ओळ त्यांनी जरा हळूच वाचली. बाबांना नीट ऐकू आलं नसावं, कारण त्यांनी हात कानामागे धरून विचारलं, "काय म्हणाली ताई?"

"सांगते, काका." नर्सबाईंनी स्टूल त्यांच्याजवळ ओढलं. "पण असं मधूनच नको. पहिल्यापासून वाचते. पोरी, अ दे बघू इकडे. शिवायचं मग!"

बाईंनी शिवायला घेतलेली सुई खाली ठेवली आणि अ पुढे केला.